तीन एप्रिलचा फोटो

चंद्रपूरच्या त्या ऑफिसात संघप्रियाला मागून सगळे ‘तारीखबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. रजेच्या अर्जावर कुणी आपल्या सवयीनं आधी दिवस, मग महिना, मग वर्ष टाकलं, की अर्ज परत. आधी वर्ष लिहा, चारही आकडे. मग महिना, मग दिवस, आणि एकेरी आकडा असेल तर त्याच्या आधी शून्य. ऑफिस चालवणाऱ्या प्रफुल सरांच्या वाढदिवसाच्या केकवरसुद्धा तिनं अशीच तारीख घालायला सांगितली होती. बेकरीवाल्याला तो मोबाइल नंबर वाटला, आणि दोन आकडे कमी आहेत म्हणून त्यानं फोन करून विचारलं.

लोक हसतात, हसू द्यावं. जगभरची शहाणी माणसं एकदा एकत्र बसली आणि त्यांनी ठरवलं, की संगणकात तारीख मोठ्याकडून लहानाकडे लिहायची, म्हणजे कुठल्याच देशात कुणाचा घोळ व्हायचा नाही. इतका साधा नियम, पण आपण तो पाळू तर शपथ. संघप्रियालाही तो कॉलेजात एका तासाला शिकवला होता आणि परीक्षेला आला नाही म्हणून ती विसरून गेली होती. तो तिला पुन्हा कसा आठवला, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही.

‘वनवेध’ असं त्या संस्थेचं नाव. जंगलात झाडांना कॅमेरे बांधायचे. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो आणि खाली काळ्या पट्टीत तारीख-वेळ छापतो. महिन्या-दीड महिन्यानं चिप काढून आणायची, कुठला वाघ कुठे फिरतोय ते बघायचं आणि गावांना मोबाइलवर कळवायचं, की या आठवड्यात अमक्या नाल्याकडे जाऊ नका. फोटो हजारो, त्यात वाघ थोडे आणि गाई फार. हे सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून देणारा प्रोग्राम संघप्रियानं लिहिला होता. ज्या फोटोची तारीख प्रोग्रामला कळणार नाही, तो एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडायचा. त्या कप्प्याला तिनं नाव दिलं होतं ‘नंतर बघू’. ते नंतर अर्थातच कधी आलं नाही.

तिचं गाव जांभूळटोला, गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना रस्ता सोडून आत. बाप खुशाल, थोडी धानाची शेती आणि उरलेले दिवस रस्त्याच्या कामावर. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी चौकटीत बावीस प्रतिज्ञा. खुशालनं त्या नुसत्या टांगल्या नव्हत्या, पाळल्याही होत्या. तरुणपणी गावाबाहेरच्या चिंचेवर भूत आहे म्हणून सगळे वाट वाकडी करायचे, तेव्हा हा पैज लावून तिच्याखाली रात्रभर झोपला. सकाळी मानेला गांधी घेऊन परत आला आणि म्हणाला, “भूत नाई बापा. मुंगळे आहेत.”

आई कांता. तिच्याबद्दल सांगायचं तर मोहाच्या झाडापासून सुरुवात करावी लागेल. त्या गावात अशी रीत आहे, की जंगलातल्या मोहाखालचा पाचोळा जो आधी झाडून काढेल, त्या सालची फुलं त्याची. कागद नाही, शिक्का नाही. बुड झाडलेलं दिसलं, की दुसरा माणूस त्या झाडाखाली पाय ठेवत नाही. नाल्याच्या काठावर एक मोठा मोह होता, फुलांनी नुसता ओसंडणारा. त्याच्यावर निम्म्या गावाचा डोळा, आणि दरवर्षी तो कांताचाच. फुलं पडायला सुरुवात व्हायच्या आधीच ती खराटा घेऊन जायची आणि अंगणासारखी स्वच्छ जमीन करून यायची.

फेब्रुवारीत तिच्या छातीत दुखू लागलं. पाण्याचा गुंड उचलला की दम लागायचा. गडचिरोलीच्या एका दवाखान्यात मंगळवारी नागपूरहून हृदयाचे डॉक्टर यायचे. संघप्रियानं फोन करून चार मार्चचा नंबर लावला. स्वतः न्यायला जायचं तिच्या मनात होतं, पण त्याच सुमारास परदेशातून आलेले पाच नवे कॅमेरे जंगलात बसत होते, आणि रजा मागायला तिची जीभ रेटली नाही. नऊच्या एसटीनं जा, असं आईला दहा वेळा बजावलं. चार तारखेला संध्याकाळी फोन लावला.

“जाऊन आली ना,” कांता म्हणाली. “छातीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणे गॅस आहे, तिखट कमी खाजो.”

सतरा मार्चला दुपारी ती अंगणात मोहफुलं वाळत घालता घालता जरा टेकली. तिथून उठलीच नाही.

संघप्रियाचा सगळा राग त्या डॉक्टरवर गेला. न पाहिलेल्या त्या माणसाचा चेहरा तिनं मनात तयार केला, चष्म्यासकट, आणि त्या चेहऱ्याशी ती बसमध्ये, आंघोळ करताना, जेवताना भांडत राहिली. तक्रार करायची म्हणून तिनं त्या पट्टीचा, म्हणजे ईसीजीचा, कागद शोधला. ट्रंक पाहिली, पिशव्या पाहिल्या, तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घातला. कागद मिळाला नाही. खुशाल म्हणायचा, “आपल्याकडून कमी नाई झालं, बेटा. गेली होती ते. त्याईलेच नाई समजलं.” येईल त्याला तो हेच सांगायचा. त्या एका वाक्याच्या टेकूवर तो उभा होता, आणि खरं म्हणजे तीही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लटारूचा फोन आला. लटारू जांभूळटोल्याचाच, वनवेधचे त्या भागातले कॅमेरे बांधणारा आणि चिपा काढून पाठवणारा. पाठवण्याआधी मोबाइलला लावून फोटो बघायची त्याला खोड होती.

“प्रिया, बसून आहेस का उभी आहेस?” त्यानं विचारलं.

“काय झालं लटारूकाका? बाबा ठीक आहेत ना?”

“तुझा बा ठीक आहे. नाल्यावरच्या नव्या कॅमेऱ्याची चिप काढली मी. त्याच्यात कांताबाई आहे. पुढचे फोटू पाह्यलेच नाई मी. तारीख तीन एप्रिलची आहे, पोरी.”

चिप ऑफिसात आली. संघप्रियानं आपल्या हातानं ती लावली, आपल्याच प्रोग्रामनं फोटो ओळीत लावले आणि तीन एप्रिलला आई आली. नाल्यावरचा मोह, आई कमरेला पदर खोचून खराटा मारते आहे. कुणीतरी हाक मारल्यासारखा चेहरा अर्धा कॅमेऱ्याकडे वळलेला. अंगावर तेच हिरवं लुगडं, जे तिच्याबरोबर गेलं होतं. खाली काळ्या पट्टीत पांढरे आकडे: 03/04/2025 11:42.

तिनं खिडकी बंद केली, मग पुन्हा उघडली. पुढचे आठ दिवस ती हेच करत राहिली. सकाळी आल्यावर उघडायची, जेवणाआधी उघडायची, निघताना उघडायची. बरोबर सतरा दिवस उशिरा आलेली आई रोज तिथेच खराटा मारत असायची. शिकलेली मुलगी, संगणकाची पदवी, घरात बावीस प्रतिज्ञा. पण गोल बाजारात हिरव्या लुगड्याची पाठ दिसली की तिचे पाय आपोआप तिकडे वळू लागले. एकदा तर ती एका अनोळखी बाईच्या मागे भाजीच्या गल्लीतून पार टोकापर्यंत गेली, आणि त्या बाईनं वळून “काय गं?” विचारलं तेव्हा तिला रडू फुटलं. फोटोच्या खरेखोटेपणाची तपासणी करता येणार नव्हती असं नाही. तिला ती करायचीच नव्हती.

गावात तर ही बातमी आगीसारखी पसरली. नाल्याकडे कुणी फिरकेना. कांतानं झाडलेल्या जमिनीवर मोहाची फुलं पडत राहिली, वाळत राहिली, आणि कुणी एक उचललं नाही. आधीच रीत, त्यात आता भीती. शेजारची मंगली तर शेळ्यासुद्धा दुसऱ्या वाटेनं नेऊ लागली.

आणि खुशाल रोज उजाडायच्या आत त्या झाडाखाली जाऊन बसू लागला.

हेही लटारूनंच सांगितलं. “लई समजावलं मी त्याले. म्हटलं खुशालभाऊ, नाल्यावर पाणी आहे, जनावर येते तिथी. म्हणते, येऊ दे. म्हटलं तू तं भूत मानत नाईस, मंग काऊन बसून राह्यला? तं म्हणते, भूत नाईच मानत मी. फोटू मानतो.”

संघप्रियानं बापाला फोन केला. तो शांतपणे बोलला. हो, जातो. नाही, काही दिसलं नाही अजून. कामावर? कामाचं बघू. जेवलीस का बेटा?

फोन ठेवल्यावर तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आई तर गेलीच होती. आता तो फोटो बापालाही घेऊन जाणार, असं तिच्या मनानं घेतलं, आणि तो फोटो तर तिच्याच प्रोग्रामनं लावून दिला होता.

एकवीस एप्रिलला प्रफुल सर तिच्या टेबलापाशी आले. जांभूळटोल्याच्या नव्या कॅमेऱ्यातला शेवटचा वाघ कधीचा, एवढंच त्यांना हवं होतं. संघप्रियानं फोटो उघडले. आजवर ती आईच्या फोटोपाशी थांबत आली होती. त्या दिवशी नाइलाजानं पुढे गेली.

पुढे चार मेचा फोटो होता, सांबराचा. मग तीन जूनला अस्वल. तीन जुलैला वानरं, आणि जुलै महिना असून जमीन कोरडी ठणठणीत. पार शेवटी चार सप्टेंबर: नाल्यावरचा तोच मोह, खाली तीच झाडलेली जमीन, आणि तिच्यावर वाघीण पसरलेली. पोटाशी तीन पिल्लं.

ऑफिसातला पंखा फिरत होता. भिंतीवरचं कॅलेंडर एप्रिलचं होतं. अजून न उगवलेल्या दिवसांचे फोटो तिच्यासमोर ओळीत मांडलेले होते. चार सप्टेंबरला जे व्हायचं आहे ते या कॅमेऱ्यानं आधीच पाहून ठेवलंय, असं क्षणभर तिला खरोखर वाटलं. मग सर खांद्यामागून म्हणाले, “काय गं हे? सप्टेंबर कुठून आला?” आणि कॉलेजातला तो विसरलेला तास तिला आठवला.

तिनं ‘नंतर बघू’ उघडलं. त्यात त्याच कॅमेऱ्याचे फोटो ढिगानं पडलेले होते, 03/14, 03/22, 03/27. चौदावा महिना, बाविसावा महिना. जगात असे महिने नाहीत, म्हणून प्रोग्रामनं ते बाजूला टाकले होते. पाचही नवे कॅमेरे ज्या देशातून आले, तिकडे महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. खोक्यातून काढताना ते बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. जिथे दिवस बारापेक्षा मोठा तिथे प्रोग्राम अडला. जिथे लहान होता, तिथे त्यानं मुकाट्यानं दिवसाचा महिना आणि महिन्याचा दिवस केला आणि कुणाला काही बोलला नाही.

म्हणजे वाघीण सप्टेंबरची नव्हती, नऊ एप्रिलची होती. लटारूनं चिप काढली त्याच्या दोनच दिवस आधीची. बाप जिथे रोज जाऊन बसत होता, ते तिच्या पिल्लांचं घर होतं.

आणि आई तीन एप्रिलची नव्हती. ती होती चार मार्चची.

चार मार्च म्हणजे काय, हे तिला कळायला जरा वेळ लागला. चार मार्च, मंगळवार. दवाखान्याची एसटी नऊची. फोटोखालच्या काळ्या पट्टीत वेळ होती पावणेबाराची, आणि आईच्या हातात खराटा. त्यानंतर जांभूळटोल्याहून गडचिरोलीला जायला दिवसाउजेडी दुसरी गाडी नाही. पट्टीचा कागद मिळाला नव्हता, कारण पट्टी काढलीच नव्हती. आई गेलीच नव्हती. आणि महिनाभर ती ज्या चष्मेवाल्या डॉक्टरशी भांडत होती, त्यानं तिच्या आईला कधी पाहिलंही नव्हतं.

सर वाघिणीबद्दल काहीतरी बोलत होते, गावांना लगेच कळवायला हवं म्हणत होते. तिनं पाचही कॅमेऱ्यांपुरता प्रोग्राम दुरुस्त केला. सगळीकडे वर्ष आधी. फोटो सरकले, जागा बदलल्या, आणि आई अस्वलाच्या आधी, मार्चमध्ये जाऊन बसली. जिवंत माणसांच्या दिवसांत गेली, पण संघप्रियाला मात्र ती दुसऱ्यांदा मेल्यासारखं वाटलं.

लटारूला फोन लावला, रेंज नव्हती. बापाचा बंद. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरून ती निघाली.

गाडीत तिनं खूप विचार केला. नुसतं वाघिणीचं सांगावं का? पण लटारूनं जनावराची भीती घालून पाहिली होती, आणि बाप म्हणाला होता येऊ दे. जिथे बायको दिसेल अशी आशा आहे, तिथून माणूस वाघाला भिऊन उठत नाही. आईचं भूत आधी मारावं लागणार होतं. आणि ते मारायचं, तर ती त्या दिवशी दवाखान्यात गेली नव्हती, हे बापाला कळणार. मग त्याचा तो टेकू, आपल्याकडून कमी नाई झालं, तो कुठे राहतो? बाप जंगलात जायचा की घरात बसून झुरायचा, एवढंच तिच्या हातात होतं. असली निवड वैऱ्यावरही येऊ नये.

ती पोचली तेव्हा ऊन चढलं होतं आणि घराला कडी होती. लटारू आणि आणखी दोघं पत्र्याचा डबा बडवत तिच्याबरोबर नाल्यापर्यंत आले. खुशाल मोहाच्या बुडाशी टेकून बसला होता. भोवती वाळून काळी पडलेली फुलं, आणि त्यांचा आंबूस, गोड वास. मुलीला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही.

“ये,” तो म्हणाला. “जपून. फुलं तुडवू नको, तुझ्या आईचे आहेत.”

“उठा बाबा. इथे नाही बोलायचं.”

तो उठला. रस्त्याला लागल्यावर रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, ती दोघं बसली. लटारू थोडा लांब उभा राहून विडी ओढत राहिला. संघप्रियानं आधी वाघिणीचा फोटो दाखवला. खुशालनं तो पाहिला, पिल्लं मोजली, आणि “गोजिरे आहेत,” म्हणाला. मग तिनं आईचा फोटो उघडला आणि त्या आकड्यांवर बोट ठेवलं.

“हे तीन एप्रिल नाही, बाबा. त्या कॅमेऱ्यात महिना आधी येतो. हा मार्च, आणि हे चार. चार मार्चचा फोटो आहे हा. आई तेव्हा होती.”

तिला वाटलं, त्याला समजलं नाही. ती पुन्हा सांगू लागली, इतर देशांत कसं लिहितात, सप्टेंबर कसा आला, वानरं जुलैत कशी गेली. त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

“समजलं मले. मले तवाच समजलं होतं.”

“कधी?”

“लटारूनं दाखवला तवाच.” त्यानं फोटोकडे न बघता नाल्याकडे पाहिलं. “एप्रिलात मोहाखाली कोण झाडते, बेटा? तवा तं फुलं वेचतेत. झाडणं फुलाच्या आधी असते. अन् झाडावर एक फूल नाई फोटूत.”

“मग? मग रोज इथे येऊन का बसत होतात?”

विडी संपवून लटारू त्यांच्याकडे येऊ लागला होता. खुशालचा चेहरा पाहून तो पुन्हा मागे वळला.

“त्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो,” खुशाल म्हणाला. “ते हेच हिरवं लुगडं नेसून तयार होती, दवाखान्यात जाण्यासाठी. मी म्हटलं, मंगळवार काय, पुढच्या हप्त्यात बी येते. झाड नाई राहणार. मंगलीची नजर आहे त्याच्यावर. आधी झाडून ये. अन् गेलो मी निघून. संध्याकाळी आलो तं म्हणे, दोन्ही काम केले. घाईनं झाडलं अन् नवाच्या गाडीनं दवाखान्यात गेली. तुले बी तसंच सांगितलं तिनं फोनवर. मले बरं वाटलं. म्हटलं माह्या बोलण्यानं काई बिघडलं नाई.”

त्याचा आवाज फुटला नाही. तो नेहमीसारखाच बोलत होता, आणि तेच तिला ऐकवेना.

“फोटूत पावणेबारा वाजले आहेत. मी वाचले. चार मार्च असंल, तं ते गेलीच नाई. मी तिले झाडाखाली पाठवलं, अन् मले वाईट वाटू नये म्हून ते खोटं बोलली. पण लटारू म्हणे तीन एप्रिल. सगळं गाव म्हणे तीन एप्रिल. म्हटलं असंल बापा. तीन एप्रिल असंल तं ते मेल्यावर आली. अन् मेल्यावर आली असंल, तं त्या दिवशी दवाखान्यात गेली होती. म्हून बसत होतो. म्हटलं एकदा, एकदा जरी दिसली, पाठमोरी दिसली तरी चालते.” त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. “जनमभर भुताले हसलो मी. तुह्या आईचं भूत असतं, तं मी सुटलो असतो, प्रिया.”

संघप्रियाला त्याचा राग आला, खूप आला, आणि तो येत असतानाच तिनं त्याचा हात धरला, कारण त्याला धरणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि रजा तर तिनंही मागितली नव्हती.

मग खुशालनं विचारलं, “तुह्या मशीनमंदी आता काय दिसते?”

“चार मार्च. सगळे दुरुस्त केले मी. करावेच लागतात बाबा, वाघाचंही त्यावरच कळतं लोकांना.”

“हो, ते केलंच पाहिजे.” त्यानं मान हलवली. “अन् फोटूवरची?”

“ती छापलेली आहे. ती तशीच राहते.”

“मंग राहू दे,” तो म्हणाला. उठला, आणि घराच्या रस्त्याला लागला. त्या झाडाखाली तो पुन्हा गेला नाही.

यंदा सतरा मार्चला कांताचा पहिला स्मृतिदिन झाला. वंदना झाली, खीर झाली. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांच्या खाली नवी चौकट होती. कांताचा दुसरा धड फोटो घरात नव्हताच, म्हणून खुशालनं तोच मोठा करून आणला होता, खराट्यासकट आणि काळ्या पट्टीसकट. फोटोवाला पट्टी कापून देतो म्हणाला, तर यानं कापू दिली नाही.

जेवणं चालू असताना वरोऱ्याची मावशी, कांताची धाकटी बहीण, चौकटीपुढे येऊन उभी राहिली. तिनं चष्मा वर केला, आकडे वाचले, आणि तिचा हात तोंडावर गेला.

“खुशालभाऊ, हे तं बाई गेल्यावरची तारीख आहे. गावातले म्हणतेत ते खरं आहे का?”

खुशालच्या हातात खिरीची बादली होती. तो तसाच थांबला. पंगतीतल्या चार माना वर झाल्या. त्यानं मुलीकडे पाहिलं. वर्षभर तिनं अर्ज परत केले होते, केकवरची तारीख बदलायला लावली होती, आकड्यांच्या क्रमावरून सरांशीसुद्धा भांडली होती.

संघप्रियानं हातातली पत्रावळ खाली ठेवली.

“हो मावशी,” ती म्हणाली. “तीन एप्रिल.”

आणि खुशाल वाकून पुढच्या पानावर खीर वाढू लागला.